घराला मानवलेलं दुखणं

तुमच्या घरातलं एखादं खाष्ट माणूस दोन-तीन वर्षांत हळूहळू गोड झालं असेल, तर देवापुढे नारळ फोडण्याआधी त्याला डॉक्टरकडे नेऊन आणा. मी थट्टा करत नाही. माझ्या घरच्यांनी नारळ फोडला होता, गल्लीतल्या मारुतीपुढे, आणि त्याचं खोबरं मीही खाल्लं होतं.

मी सुमन. जळगावात राहते. एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. गेल्या वर्षी वैशाखात माझ्या कपाळामागून लिंबाएवढी गाठ काढली. कॅन्सरची नव्हती. बरीच वर्षं सावकाश वाढत असणार, एवढंच डॉक्टर सांगू शकले. तिचं वैद्यकीय नाव इथे देत नाही. नाव दिलं की लोक मोबाइलवर शोधत बसतात आणि जेवण सोडतात.

त्या गाठीने मला फार छळलं असंही नाही. कधीमधी डोकं जड व्हायचं, तेवढंच. तिने मला चांगलं केलं. नवऱ्याशी, मुलाशी, सुनेशी, शेजारणींशी मी चांगली वागायला लागले आणि घरात एकालाही त्याचा संशय आला नाही. तो राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मूळची मी

मूळची मी संशयी. त्यात लाज वाटावी असं मला कधी वाटलं नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये मी कॉपी करणाऱ्या मुलीकडे कधीच बघायची नाही. तिच्या शेजारी जाऊन उभी राहायची आणि पलीकडच्या बाकाकडे बघत बसायची. दोन मिनिटांत तिचा हात आपोआप पेपरखाली सरकायचा. मुली मला मागून ‘सीआयडी’ म्हणत, ते मला ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

आमचे हे वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला होते. घरीदारी त्यांना सगळे नाना म्हणतात. जळगावहून जाऊन-येऊन नोकरी केली त्यांनी. संध्याकाळी अर्धा तास उशीर झाला की दारातच माझी उलटतपासणी सुरू. गाडी लेट होती का, कुठली गाडी, सोबत कोण होतं, मग शर्टाला हा डाग कसला. नाना चपला काढता काढता उत्तरं द्यायचे. कोणी पाहुणा समोर असला की हसून म्हणायचे, “स्वभावाला औषध नाही हो.”

पण याच स्वभावाने मुलाची, निखिलची, कावीळ दोन दिवस आधी ओळखली होती. कामवाल्या मावशींच्या हातावरचे वळ मीच पाहिले होते आणि त्यांच्या नवऱ्याला बोलावून घेतलं होतं. माझा संशय म्हणजे घराची राखण होती, असं मी समजत होते. राखण करणारं कुत्रं भुंकणारच.

दुसरी माझी ख्याती नाकाची. चैत्रात आमच्या गल्लीतल्या सात घरच्या बायका मिळून ज्वारीची बिबडी, म्हणजे वर्षभराचे पापड, करतात. ज्वारी भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला तिला आंबूस वास सुटतो. तो नेमका ओळखून ज्वारी उपसायची, मग भरडायची, लसूण-मिरची-तीळ घालून घाटा शिजवायचा आणि गच्चीवर ओल्या कापडावर थापून वाळवायचा. वास सुटायच्या आधी उपसली तर बिबडी फिकी. एक दिवस जास्त राहिली तर सगळं फेकायचं. म्हणून सातही घरच्या बादल्यांची झाकणं उचलून मी वाकून वास घ्यायची आणि निकाल द्यायची. आज, किंवा उद्या. माझ्या जिभेवर नसला तरी माझ्या नाकावर गल्लीचा विश्वास होता.

गोड दिवस

नेमकं कधी सुरू झालं ते मलाही सांगता येत नाही. कोरोनात बऱ्याच जणांचा वास गेला होता, माझाही गेला. इतरांचा परत आला. माझा आला की नाही, हे मी तपासलंच नाही. मी, आणि तपासलं नाही! इथेच कुणाच्या तरी डोक्यात दिवा लागायला हवा होता.

नाना उशिरा आले तर मी “आलात?” म्हणायची आणि ताट वाढायची. निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या परीक्षेत एक मुलगी माझ्यासमोर मांडीवरच्या चिठ्ठीतून उतरवत होती आणि मी खिडकीबाहेरची कडुलिंबाची पानं बघत होते. निरोपसमारंभात सगळे भरभरून बोलले. बाई शेवटी शेवटी किती मायाळू झाल्या, वय माणसाला शहाणं करतं, वगैरे. मुलींनी मोठं भेटकार्ड दिलं, वर लिहिलेलं, ‘आमच्या प्रेमळ बाईंना’.

निखिलचं लग्न तर मी एकही चौकशी न करता ठरवलं. मुलगी साक्रीकडची, माझ्या पिंपळनेरच्या माहेरापासून फार लांबची नाही. चार फोन केले असते तर तिच्या पणजोबांपर्यंतची माहिती मिळाली असती. मी फोटो पाहिला, “छान आहे” म्हटलं आणि चहा प्यायले. नाना चाट पडले. मारुतीपुढे नारळ फुटला तो याच आठवड्यात.

सून आली, वैशाली. मला ‘आई’ म्हणून हाक मारणारी, घरात पुस्तकी मराठी बोलणारी, फक्त घाबरली की अहिराणीवर येणारी. तिने मला पाहिलं ते असं, गोड. तिच्या माहेरी ती सांगायची म्हणे, माझ्यासारखी सासू शोधून मिळणार नाही. बरोबरच होतं तिचं. तशी सासू कुठे नव्हतीच.

लोक विचारतात, तेव्हा आतून शांत वाटत होतं का? नाही. शांती वेगळी. माझ्या आत काही उठतच नव्हतं. घंटेचं बटण दाबावं आणि वाजूच नये, तसं. पण बाहेरून ते शांतीसारखं दिसत असणार, कारण शेजारीण विचारायची, “सुमनताई, नामस्मरण करता का हो?” मी हो म्हणायची. करत नव्हते.

बिबडीचं वाटोळं

वैशालीचा आमच्याकडे पहिलाच उन्हाळा होता. तिसऱ्या दिवशी मी झाकणं उचलली. मला काहीच वास आला नाही. म्हणून म्हणाले, “अजून आंबली नाही. राहू द्या.” चौथ्या दिवशी तेच. जळगावचा उन्हाळा, घरात बसलं तरी पाठ भिजते. पाचव्या दिवशीही मी म्हणाले, “राहू द्या.”

नंतर कळलं, वास बाकी सगळ्याजणींना येत होता. नाकाला पदर लावून त्या पाणी बदलत होत्या. पण सुमनताई राहू द्या म्हणतात, त्यांना कळतं, म्हणून एकीनेही तोंड उघडलं नाही. सहाव्या दिवशी मी दिवस मोजून ‘उपसा’ म्हटलं. घाटा चुलीवर चढला तेव्हा अख्खी गल्ली दारात आली. सात घरांची ज्वारी उकिरड्यावर गेली.

पूर्वी माझ्याकडून असं झालं असतं तर त्यांनी मला सोडलं नसतं, आणि मीही त्यांना सोडलं नसतं. या वेळी एक शब्द कुणी बोललं नाही. “असू द्या हो, होतं असं,” म्हणून उलट मलाच धीर दिला. गोड माणसाला कोण बोलणार? मीही म्हणाले, “असू द्या.”

आठवड्याभरात दुसरी गोष्ट झाली. मी स्वयंपाकघरात खाली बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. वैशाली बाहेरून आली आणि दारातच ओरडली, “आई! गॅस चालू शे! तुम्हले वास नही येस का?”

तिने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, माझा दंड धरून मला ओसरीवर आणलं. मी म्हणाले, “शेंगा राहिल्या आत.”

तिने त्याच संध्याकाळी निखिलला सांगितलं, आईंचं नाक दाखवायला हवं. नाक! सगळ्यांना नाकाचीच काळजी वाटली.

निदान

नाकाच्या डॉक्टरांनी स्कॅन करायला सांगितलं. स्कॅन पाहून जळगावच्या डॉक्टरांनी धुळ्याचं नाव सुचवलं. धुळ्याला देवपुरात माझी थोरली बहीण राहते, अक्का. राहायची सोय होती, म्हणून धुळंच ठरलं.

डॉक्टर मध्यम वयाचे, आवाज बारीक. काळी फिल्म दिव्यावर लावून त्यांनी पेनाच्या टोकाने पांढरा गोळा दाखवला. मी बघितला. भूमितीच्या आकृतीसारखा नीट गोल होता. त्यांनी मला काही साध्या गोष्टी विचारल्या, मग नानांकडे वळले.

“यांच्या स्वभावात काही बदल जाणवला का?”

“नाही नाही,” नाना म्हणाले. मग थोडं थांबून, जरा कौतुकानेच, “म्हणजे झालाय, पण चांगला झालाय. आधी फार संशयी होती. आता एकदम शांत. देवमाणूस.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “किती वर्षं?”

“तीन-चार असतील.”

“आणि तुम्ही कुणाला दाखवलं नाही?”

निखिल फिल्मकडे बघत होता. मला आठवतंय ते इतकंच, की टेबलावरच्या काचेखाली कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती आणि मी ती उलटी वाचत होते.

डॉक्टर म्हणाले, गाठ काढायला हवी, नाहीतर पुढे नजर जाईल, आणखीही बरंच जाईल. नाक मात्र परत येणं कठीण. स्वभाव बहुधा येईल. सगळा नाही तरी बराचसा, काही महिन्यांत. बाहेर पडता पडता नानांनी विचारलं, “आठ दिवसांनी केलं तर चालेल का?”

“चालेल. पण त्याहून जास्त नको.”

तेव्हा ते वाक्य माझ्या कानावरून गेलं. टोचलं ते तीन महिन्यांनी.

ते आठ दिवस

त्या आठ दिवसांत नाना माझ्याजवळून हलले नाहीत. रोज संध्याकाळी मेहरूण तलावावर नेलं. पिंपळनेरला माहेरी नेऊन आणलं. असोद्याला त्यांच्या मित्राच्या शेतात काट्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत केलं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने मला वाढलं. मला धुराचा वास आला नाही, पण तिखटाने डोळ्यांत पाणी आलं आणि नानांनी ते पुसलं. बत्तीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. मी त्यांना “हे काय नवीन?” असंही विचारलं नाही. नुसती हसले असेन.

दवाखाना

डोकं पूर्ण भादरलं. दवाखान्यातल्या ज्या मावशींनी भादरलं त्यांनी आधी माझी वेणी कापून, रबर लावून, कागदात गुंडाळून अक्काच्या हातात दिली. “फेकू नका, बाईमाणसाचे केस आहेत,” म्हणाल्या. त्या मावशींचं नाव मला ठाऊक नाही, पण दवाखान्याचा विषय निघाला की आधी त्या आठवतात.

ऑपरेशनचा दिवस मला आठवतच नाही. पुढचे दोन-तीन दिवसही तुटक आहेत. कापसाचा बोळा ओठांवर फिरतोय, कुणीतरी बोटं मोजायला सांगतंय, शेजारच्या कॉटवरचा म्हातारा सारखा कुणाला तरी ट्रॅक्टर मागे घ्यायला सांगतोय. सकाळी सहाला अंग पुसणं, सातला गोळ्या, दहाला डॉक्टरांची फेरी. दिवस असा आखलेला असतो, त्याचा आधार वाटतो. घाबरलेल्या माणसाला वेळापत्रकासारखं औषध नाही, हे मी तुम्हाला शिक्षिका म्हणून नाही, पेशंट म्हणून सांगते.

सहाव्या दिवशी दुपारी अक्का डबा घेऊन आली. कळण्याची भाकरी, ठेचा आणि स्टीलच्या डब्यात वरण. मी डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हा डबा माझा आहे. तुझ्याकडे कसा आला? चार वर्षांपूर्वी हरवला होता.”

अक्काने भाकरी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “उनी व माय! मनी बहीण परत उनी!” बहीण परत आली म्हणून हा गलका, सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. मग ती डोळे पुसत म्हणाली, “तीन वरीस तू मनासंगे एकदाबी भांडनी नही. तवयच माले समजाले पाहिजे व्हतं.”

एवढ्या सगळ्यांत हे म्हणणारी ती एकटी. मी तिचा हात धरला. आणि मग माझी नजर पायाशी उभ्या असलेल्या नानांकडे गेली. ते हसत होते, पण जरा उशिरा हसले. तो उशीर मला दिसला.

परत आलेली

घरी आल्यावर दोन-अडीच महिन्यांत मी बऱ्यापैकी मूळ पदावर आले. डोक्याला स्कार्फ, हातात काठी, आणि डोळे सगळीकडे. कपाटात ते भेटकार्ड सापडलं. ‘आमच्या प्रेमळ बाईंना’. मी ते बराच वेळ हातात धरून बसले. हे कुणाला दिलं होतं? मला की गाठीला? फाडवेना आणि ठेववेना. शेवटी जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली सरकवून दिलं.

वैशालीचे हाल झाले. ज्या सासूने एका शब्दाने विचारलं नव्हतं, ती आता मसाल्याचे डबे उघडून बघायला लागली. लग्नाआधी करायच्या राहिलेल्या चौकशा मी आता केल्या, त्याही तिलाच समोर बसवून. तुझा काका गाव सोडून सुरतेला का गेला? तुझं आधी कुठे ठरलं होतं का? दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर कपडे वाळत घालताना रडत होती. मी विचारलं तर म्हणाली, “काही नाही आई. मला वाटतं, मी ज्यांच्या घरात आले होते त्या कुठे गेल्या.”

मला तिचा राग आला नाही. माझ्या गाठीने पसंत केलेली सून ती, तिला गाठीची आठवण येणारच. पण मी जिन्यात येऊन बसले आणि मलाही रडू आलं. स्वतःच्याच घरात आपण कुणाच्या तरी जागेवर येऊन बसलोय, असं वाटणं फार वाईट.

त्यात एका संध्याकाळी निखिलशी वाजलं. कारण क्षुल्लक, त्याचा मोबाइल वाजला आणि मी कुणाचा म्हणून विचारलं. तो फटकन बोलून गेला, “आई, ऑपरेशनच्या आधीच बरी होतीस तू!”

बोलून त्याची त्यालाच शरम वाटली. पाया पडला, माफी मागितली. पण सुटलेला शब्द घरभर राहिला. आणि त्या शब्दावरून मला ते जुनं वाक्य आठवलं. आठ दिवसांनी केलं तर चालेल का? का? बायकोच्या डोक्यात गाठ आहे, डॉक्टर काढा म्हणतात, आणि माणूस आठ दिवस मागतो. कशासाठी? तलावासाठी? भरीतासाठी?

पलीकडचं बाक

मी सरळ विचारलं नाही. माझी पद्धत तुम्हाला सांगितली आहेच. नाना ओसरीवर लसूण सोलत बसले होते. मी शेजारी जाऊन बसले आणि अंगणातल्या नळाकडे बघत राहिले. काहीच बोलले नाही.

पाच मिनिटं गेली. नानांनी सोललेली पाकळी चुकून सालांत टाकली.

“विचार की,” ते म्हणाले.

“तुम्हीच सांगा.”

त्यांनी सुपडं बाजूला सरकवलं. “मला ती आवडायची, सुमन. खोटं कशाला बोलू? तीस वर्षं मी फाटकाशी आलो की आधी उत्तरं जुळवायचो, मग कडी वाजवायचो. ती नुसती ‘आलात?’ म्हणायची. डॉक्टर म्हणाले, गाठ काढली की स्वभाव परत येईल. म्हणून आठ दिवस मागून घेतले. तिच्याबरोबर.”

मला असं खरं उत्तर नको होतं. इतकी वर्षं लोकांकडून खरं काढलं, पण ते ऐकून काय करायचं हे कधी शिकले नव्हते. मी म्हणाले, “मग ठेवायचं होतं तिलाच. सही कशाला केलीत?”

“ऐक तरी पुरतं.” नानांनी डाव्या हाताची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत जुना, फिक्कट व्रण होता. “हे कधीचं, माहीत आहे तुला?”

मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या हातावर वीतभर व्रण, आणि मला माहीत नव्हतं.

“दोन वर्षं झाली. अजिंठा चौफुलीवर स्कूटर घसरली. बाही फाटलेली, रक्त वाळलेलं, तसाच घरी आलो. वाटेत सवयीने दहा उत्तरं जुळवत होतो, हेल्मेट का नव्हतं, तिकडे कशाला गेलो होतो. तू दार उघडलंस. हाताकडे पाहिलंस. म्हणालीस, ‘हात धुवा, जेवायला बसा.’ बस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. मी मोरीत नळ सोडून रडलो त्या दिवशी. वाटलं, मी मेलो तरी ही असंच म्हणेल. बरं, म्हणेल, आणि ताट उचलून ठेवेल.”

“मग तेव्हाच डॉक्टरकडे का नाही नेलंत?”

त्यांनी बाही खाली ओढली. मग म्हणाले, “कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा बरं वाटलं घरात.”

मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तेलाची वाटी घेऊन त्यांचा तो व्रण चोळायला बसले. दोन वर्षांच्या व्रणाला तेलाने काय होणार, पण मला ते करायचं होतं. चोळता चोळता विचारलं, “चौफुलीवर गेला कशाला होतात?”

नाना हसले. या वेळी वेळेवर हसले.

या वर्षीची बिबडी

आता लोक विचारतात, विशेषतः ज्यांच्या घरी असं काही झालंय ते, की स्वभाव बदलतो का. मला अजूनही नक्की सांगता येत नाही. गाठीने बदलला, तो माझा होता का? आणि नसेल, तर त्या दिवसांत मी वैशालीच्या केसांना तेल लावायची, ते कोण लावत होतं? मी रागावून ‘ती’ म्हणते खरी, पण हात माझेच होते. शिवाय डॉक्टरांनी गाठीचा एक कण रक्तवाहिनीला चिकटलेला म्हणून तसाच ठेवलाय. दर वर्षी स्कॅनिंग करून त्याच्यावर नजर ठेवायची. म्हणजे माझ्या मनात एखादा चांगला विचार आला, की मलाच शंका येते, हा माझा की त्याचा?

नाक आलं नाही ते नाहीच. चैत्र लागला, बादल्यांत ज्वारी भिजली. गल्लीतल्या बायका लाजत लाजत म्हणाल्या, या वर्षी कुणी बघायचं? मी वैशालीला पुढे केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने आमच्या बादलीचं झाकण उचललं, वाकली आणि म्हणाली, “झाली आई. उपसू या.”

“नीट घे वास.”

तिने पुन्हा घेतला. “झाली.”

“आंबूस आहे की नुसता ओला? खाली हात घालून बघ. दाणा दाबून वास घे.”

तिने कोपरापर्यंत हात घातला, दाणा दाबला, हुंगला. मग झाकण आपटलं आणि वर्षभर जपलेली पुस्तकी मराठी पार गेली. “आई, मी खोटं कसाले सांगू? मनं नाक काय भाड्यानं आणेल शे का?”

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती मला उलट बोलली होती. मला इतकं बरं वाटलं! गोड सासूला कुणी असं बोलत नाही. अशी बोलते ती समोरच्या खऱ्या माणसाला.

मी त्या झाकणाकडे पाहिलं. मला कळायला काही मार्ग नव्हता. चव घेतली तरी नाकावाचून चवही अर्धीच. सात घरांची ज्वारी होती, गेल्या वर्षीची लाज होती, आणि समोर एक मुलगी होती, जिची लग्नाआधी साधी चौकशीही मी केली नव्हती. ठरवायला मला वेळ लागला. मग मी ठरवलं.

“तू म्हणतेस तर झाली असेल,” मी म्हणाले. “उपस.”

वैशाली हलली नाही. हात बादलीवर तसाच, टपटप पाणी गळतंय, आणि ती माझ्याकडे टक लावून बघतेय. मग एकदम वळून ओसरीकडे ओरडली, “नाना, ओ नाना! आईनं स्कॅनिंग कधी शे? लवकर या! आज मनं बोलणं बठ्ठंच खरं मानी ऱ्हायन्यात त्या!”

नाना हातात पेपर घेऊन धावत आले. चष्मा कपाळावर. माझ्यासमोर उभे राहिले, माझे दोन्ही डोळे नीट पाहिले आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, “सुमन, सतरा साते किती?”

तीन-चार वर्षं मी या घरात गोड वागत होते तेव्हा कुणी हाक मारली नव्हती. आज एक वाक्य गोड बोलले, तर अर्ध्या मिनिटात दोघं माझ्यासमोर उभे होते, एक ओल्या हाताची, एक कपाळावरच्या चष्म्याचा, दोघांचेही चेहरे उतरलेले. मला हसू यायला लागलं आणि डोळेही भरून आले.

“एकशे एकोणीस,” मी म्हणाले. “आणि तुम्ही सकाळी दूध आणायला गेलात ते पाऊण तास कुठे होतात?”

नानांनी सुटकेचा श्वास टाकला आणि उत्तर द्यायला माझ्या शेजारी खाली बसले. वैशालीने ज्वारी उपसायला घेतली.